सहा मिनिटांत किती डबे?

'फेल' हा शब्द आपल्या हॉस्टेलला काही नवीन नाही. एम-थ्रीत फेल, ओरलला फेल, आणि मेसची रविवारची फीस्टसुद्धा कधीकधी फेल! रिझल्टच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये हा शब्द इतक्या वेळा कानावर पडतो की त्याची भीतीच मेली आहे. फार तर काय, केटी लागते, पुढच्या सेमला सुटते. मी फर्स्ट इयरला असताना घरून फोन आला आणि बाबा म्हणाले, "आजोबांना हार्ट फेल्युअर झालंय." मला काही सुचेना. "अमक्याचं हार्ट फेल झालं" म्हणजे माणूस गेला, असंच आपण लहानपणापासून ऐकत आलोय ना? आणि इकडे बाबा म्हणत होते की आजोबा आयसीयूमध्ये बसून चहा मागतायत!

(माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. माझा लेख मराठी विभागात बघून आमच्या विंगमधल्या मुली हसणार आहेत. हसा, बायांनो! पण आजोबांबद्दल इंग्लिशमध्ये लिहायला घेतलं की सगळं डॉक्टरांच्या रिपोर्टसारखं वाटतं.)

तर हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नाही. हृदय चालू असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही. मग मागे साठा होतो. फुफ्फुसांत पाणी साचतं, आडवं झालं की श्वास कोंडतो, पाय सुजतात. आजोबा त्याआधी महिनाभर तीन उशा घेऊन झोपायचे आणि आम्ही सगळे "वय झालं" म्हणत होतो. त्यांच्या पायावर बोट दाबलं की कणकेत पडावा तसा खड्डा पडायचा. सहा वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. त्यात हृदयाचा जो स्नायू मेला तो मेला, उरलेल्यावर सगळा भार आला आणि तो हळूहळू थकला.

डॉक्टर एक आकडा सांगतात, इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे ईएफ. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर पडतं, तो हा आकडा. निरोगी माणसाचा ईएफ साधारण ५५ ते ७० असतो. शंभर कुणालाच मिळत नाहीत, आपल्या युनिव्हर्सिटीसारखंच! आजोबांना मिळाले ३०. (काही जणांचा ईएफ चांगला असूनही फेल्युअर होतं, कारण त्यांचं हृदय कडक होतं आणि नीट भरतच नाही. पण तो वेगळा पेपर आहे.)

आजोबा रेल्वेत गार्ड होते. आधी मालगाडीवर, नंतर पॅसेंजरवर. दौंड जंक्शन म्हणजे आमच्या गावाचं हृदयच म्हणा ना. इथून एक फाटा सोलापूरकडे जातो, एक मनमाडकडे, एक पुण्याकडे. ड्युटीवर असताना ५८ वाघिणींची मालगाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत तपासणारा हा माणूस. हॉस्पिटलमध्ये दहा दिवस काढून घरी आला तो थेट बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर.

आणि मग सुरू झाला आराम.

आमच्या घरात आजोबांवर सगळ्यांचं अतोनात प्रेम आहे, आणि त्या प्रेमानेच त्यांना कॉटला खिळवलं. आजी म्हणायची, "अहो, उठू नका, मी आणते." पाण्याचा तांब्या उशाशी, टीव्हीचा रिमोट हाताशी, जेवणाचं ताट मांडीवर. भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना एकच वाक्य टाकून जायचा, "आता फक्त आराम करा." औषधांनी आपलं काम चोख केलं. सूज उतरली, फुफ्फुसातलं पाणी गेलं, उशा तीनवरून एकवर आल्या. पण तीन आठवड्यांनी आजोबा बाथरूमपर्यंत जायचे तर भिंत धरून. मांड्या हडकुळ्या झाल्या होत्या. आणि माणूस बोलेनासा झाला होता, ते तर सगळ्यात वाईट.

पुण्याला फॉलो-अपला नेलं तेव्हा मी बरोबर होते. डॉक्टरांनी तपासलं, सगळं स्थिर आहे म्हणाले, आणि फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे पाठवलं. त्यांनी आजोबांना एका लांब कॉरिडॉरमध्ये नेलं. तीस मीटरचा सरळ पट्टा, दोन्ही टोकांना एकेक केशरी कोन, मधे एक खुर्ची आणि हातात स्टॉपवॉच. "काका, सहा मिनिटं. तुम्हाला झेपेल तसं चाला. थांबावंसं वाटलं तर थांबा, घड्याळ मात्र थांबणार नाही." बस्स, एवढीच टेस्ट! आपल्या लॅबमधल्या टेन्साइल टेस्टलासुद्धा याहून जास्त तामझाम असतो. मुळात ही चाचणी फुफ्फुसाच्या पेशंटसाठी होती, १९८५ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी ती हार्ट फेल्युअरसाठी वापरून दाखवली आणि आज जगभर वापरतात. आजोबा दोनदा खुर्चीत बसले. १९० मीटर झाले. धडधाकट माणूस सहा मिनिटांत चारशे ते सातशे मीटर सहज जातो.

मग मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून यांना चालायला लावा. रोज."

आजीचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझंही डोकं चालू झालं. मी मेकॅनिकलची. पंपाची एफिशियन्सी निम्म्यावर आली तर आपण लोड कमी करतो, वाढवत नाही. मी मॅडमना तसं विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तू नुसता पंप बघतेयस. पाइपलाइन बघितलीस का? आणि पाणी जिथे वापरलं जातं तो कारखाना?"

या एका वाक्यावर मी नंतर बरंच वाचलं. लायब्ररीत 'फ्लुइड मेकॅनिक्स' समोर ठेवून हृदयाबद्दल वाचत होते असं म्हटलं तरी चालेल. हिशेब अगदी सोपा आहे. शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरतं? हृदय मिनिटाला जेवढं रक्त पाठवतं, गुणिले त्या रक्तातून स्नायू जेवढा ऑक्सिजन काढून घेतात. फिक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचं हे समीकरण १९ व्या शतकातलं आहे. पहिला आकडा कमजोर झाला आणि लगेच वाढणार नसला तरी दुसरा वाढवता येतो. हार्ट फेल्युअरमध्ये पायांचे स्नायू स्वतःच बिघडतात. त्यांच्या पेशींमधली ऑक्सिजन जाळणारी यंत्रणा कमी होते, बारीक रक्तवाहिन्या नीट उघडत नाहीत. त्यात बेडरेस्टची भर पडली की पाय आणखी निकामी. मग थोडं चाललं तरी धाप लागते, धाप लागते म्हणून माणूस चालत नाही, आणि चालत नाही म्हणून पाय अजून उतरतात. आपल्या कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत हा पॉझिटिव्ह फीडबॅक लूप, म्हणजे सिस्टिम अनस्टेबल!

मोजून व्यायाम दिला की हा लूप उलटा फिरतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये हे दाखवलं. त्यांच्या पेशंटचा सरासरी ईएफ होता २४, म्हणजे आजोबांपेक्षाही कमी. चार ते सहा महिने व्यायाम केलेल्या बारा जणांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे २३ टक्क्यांनी वाढली, आणि ईएफ मात्र होता तिथेच राहिला. पंप तोच, कारखाना सुधारला! माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. कारण घरचे लोक सारखं विचारतात, "ईएफ किती झाला?" आणि तो वाढला नाही की तोंड पाडतात. पेशंटला मात्र अंघोळ स्वतः करता आली, देवळापर्यंत जाता आलं, हे त्या आकड्यात दिसतच नाही.

बेडरेस्टचं खूळ फक्त आपल्याकडचं नाही बरं का. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्ट अटॅकच्या पेशंटला चार-चार, सहा-सहा आठवडे सक्तीने झोपवून ठेवायचे. १९५२ मध्ये बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी ८१ पेशंटना लवकर उठवून नुसतं आरामखुर्चीत बसवलं, तर तेवढ्यावरूनही गहजब झाला. चालवलं नाही हं, फक्त बसवलं! (यातले लाऊन म्हणजे अणुयुद्धाविरुद्धच्या डॉक्टरांच्या संघटनेचे एक संस्थापक. त्या संघटनेला १९८५ चं शांततेचं नोबेल मिळालं.)

आणि आता खास आपल्यासाठी, म्हणजे पीएलमध्ये दुपारी दोनपर्यंत बेडवर लोळणाऱ्यांसाठी. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच निरोगी तरुणांना, वय वर्षं वीस, तीन आठवडे बेडवर झोपवून ठेवलं. बाकी काही नाही, नुसतं झोपणं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता पाव भागाहून जास्त घसरली. गंमत पुढेच आहे. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना परत बोलावून तपासलं. पन्नाशीच्या या काकांपैकी एकाचीही क्षमता त्या तीन आठवड्यांनंतर होती त्याच्या खाली गेलेली नव्हती. म्हणजे तीन आठवड्यांच्या कॉटने जे केलं ते तीस वर्षांच्या म्हातारपणालाही जमलं नाही. विशीतल्या पोरांची ही गत, तर सत्तरीच्या आजोबांचं काय झालं असेल?

आम्ही दौंडला परत आलो. मॅडमनी एका कागदावर लिहून दिलं होतं. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं संध्याकाळी. आधी आणि नंतर तीन-तीन मिनिटं अगदी सावकाश. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवायची, हळूहळू तीस मिनिटांपर्यंत. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, आधी पाच वेळा, मग दहा. श्वास रोखून काही करायचं नाही, जड उचलायचं नाही, जेवणावर लगेच चालायचं नाही.

पण चालायचं किती ते मोजणार कसं? सिव्हिलच्या मैत्रिणीकडून मी तीस मीटरची टेप आणली आणि आमची गल्ली मोजायला लागले. आजोबा दारात खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "मीटर-बिटर मला नको सांगू. डब्यात सांग." जुना आयसीएफ डबा बफरपासून बफरपर्यंत सव्वाबावीस मीटरच्या आसपास असतो. आमच्या दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत सात डबे भरले. झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात अंतराचं एकक डबा. पुण्यातली १९० मीटरची टेस्ट म्हणजे साडेआठ डबे. "साडेआठ डब्यांची गाडी कसली? ती तर शटलपण नाही," असं म्हणून बऱ्याच दिवसांनी आजोबा हसले.

दुसरा प्रश्न, जोर किती लावायचा. आपल्याला वाटतं नाडी मोजावी. पण या पेशंटना बहुतेक वेळा बीटा ब्लॉकरची गोळी असते, आणि ती गोळी नाडी वाढूच देत नाही. त्यामुळे नाडीच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी एक मोजपट्टी बनवली आहे, ६ पासून २० पर्यंत. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे जीव जाईल एवढे. पेशंटने स्वतःच आकडा सांगायचा आणि साधारण ११ ते १३ च्या मधे राहायचं. याहून सोपी पद्धत म्हणजे चालताना बोलून बघणं. बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. आजोबांनी यावर स्वतःचं व्हर्जन काढलं. ते चालता चालता मनमाड लाइनची स्टेशनं म्हणायचे. काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर... एका दमात चार स्टेशनं झाली तर गाडी राइट टाइम. प्रत्येक स्टेशनला थांबावं लागलं तर वेग कमी. आणि दोन स्टेशनांच्या मधेच श्वास अडकला तर सिग्नल लाल, बसून घ्यायचं. आमचे इन्स्ट्रुमेंटेशनचे सर हे वाचत असतील तर त्यांनी सांगावं, याहून स्वस्त सेन्सर आहे का?

पहाटे गल्लीच्या तोंडाशी एसआरपीचे जवान पळताना दिसतात. त्यांच्या बुटांच्या तालावर एक म्हातारा काठी न घेता सात डबे जातोय आणि सात डबे येतोय, हे दृश्य मी सुट्टीत रोज पाहिलं. आजी महिनाभर त्यांच्या मागून पाण्याची बाटली घेऊन चालायची, चेहऱ्यावर सगळी काळजी. मग तिचेही गुडघे सुधारले, ते वेगळंच!

एक गोष्ट ठळक सांगते, कारण उत्साहात कुणीतरी घरी जाऊन आजीला थेट ग्राउंडवर काढेल. हे सगळं डॉक्टरांनी तपासून, पेशंट स्थिर आहे असं सांगितल्यावरच. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करायचं आणि लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर आलेलं मांस नसतं, साचलेलं पाणी असतं. त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर, ताप, असं काही असेल तरीही बंद. आणि आपल्या दौंडचा उन्हाळा! पाणी काढणारी गोळी चालू असताना एप्रिलच्या उन्हात चालणं म्हणजे चक्कर येऊन पडायचं आमंत्रण. आजोबा उन्हाळ्यात सहाच्या आत घरी.

तीन महिन्यांनी परत तोच कॉरिडॉर, तेच कोन. खुर्चीत एकदाही न बसता २९५ मीटर. म्हणजे सव्वातेरा डबे. ईएफ? तो ३० चा ३२ झाला होता, आणि डॉक्टर म्हणाले की एवढा फरक मोजण्यातच येतो, त्याला फार अर्थ नाही. आजोबांना त्याचं काही नव्हतं. ते डब्यांवर खूश होते.

आता थोडं खरं-खोटं करते, नाहीतर हा लेख जाहिरात वाटेल. व्यायामाने या पेशंटचं आयुष्य नक्की वाढतं का? सगळ्यात मोठा अभ्यास एचएफ-अ‍ॅक्शन नावाचा, २००९ मध्ये छापून आलेला, २,३३१ पेशंटचा. मृत्यू किंवा हॉस्पिटलमध्ये भरती, यातलं काहीतरी झालेले लोक व्यायामाच्या गटात ६५ टक्के आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात ६८ टक्के. फरक इतका लहान की तो योगायोगानेही पडू शकतो. पण त्यातच दुसरी गोष्ट दिसली, की व्यायाम सुरक्षित आहे. आणि तिसरी म्हणजे लोकांनी ठरवून दिलेला व्यायाम पूर्ण केलाच नाही. बहुतेक जण ठरवलेल्या मिनिटांच्या खालीच राहिले. (आपलं जिम मेंबरशिपचं कसं असतं, तसंच. जानेवारीत फुल्ल, मार्चमध्ये ट्रेडमिलवर टॉवेल वाळत.) २०१९ मध्ये कोक्रेन या संस्थेने ४४ अभ्यास एकत्र करून पाहिले. लगेचच्या काळात मृत्यूत फारसा फरक नाही, पण पुन्हा हॉस्पिटलमध्ये भरती व्हायचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आणि रोजचं जगणं सुधारलेलं. माझं स्वतःचं मत विचाराल तर एवढं पुरे आहे. ज्याच्या घरात असा पेशंट आहे त्याला विचारा, एक भरती टळणं म्हणजे काय. पैसा तर आहेच, पण प्रत्येक भरतीनंतर माणूस एक पायरी खाली उतरूनच घरी येतो.

आपल्या देशात हा आजार लवकर गाठतो. तिरुवनंतपुरमच्या रजिस्ट्रीत २०१३ मध्ये भरती झालेल्या १,२०५ पेशंटचं सरासरी वय ६१ होतं, आणि वर्षभरात त्यातले दहापैकी तीन गेले. ६१ म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आईवडिलांचं वय त्याच्या फार मागे नाही.

हे सगळं मला आजोबांमुळे कळलं. पण ज्यांच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला त्या माझ्या मोठ्या मामी.

मामींचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या बाजूला. (शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात.) वय ५२. गेल्या वर्षी त्यांनाही हेच निघालं, ईएफ ३५. त्यांच्या बाबतीत घरच्यांनी पंधरा दिवस आराम दिला, अगदी मनापासून दिला. सोळाव्या दिवशी धाकट्या जावेला माहेरी जावं लागलं आणि मामी उठल्या त्या थेट चुलीपाशी. पुढे धुणं, गोठा, पाण्याचा हंडा. मी त्यांना व्यायामाचं सांगायला गेले तर मामा म्हणाले, "अगं, ती दिवसभर काम करतीच की! तिला अजून येगळा व्यायाम कशाला?"

मला वाटतं आपल्याकडच्या बायकांचं सगळं दुखणं या प्रश्नात आहे. एक तर आराम, नाहीतर राबणं. यांच्या मधलं मोजूनमापून केलेलं असं काही आपल्याला माहीतच नसतं. हंडा उचलताना श्वास रोखला जातो, दाब एकदम चढतो. धुणं धुताना तासभर वाकून राहावं लागतं आणि दमलं तरी मधेच थांबता येत नाही, कारण कपडे भिजलेले असतात. त्यात सुरुवात सावकाश नाही, शेवट सावकाश नाही, आणि कालच्यापेक्षा आज किती, याचा हिशेब नाही. व्यायाम म्हणजे असा भार की जो कमी-जास्त करण्याचा नॉब पेशंटच्या हातात असतो. मामींच्या कामाचा नॉब सासूबाईंच्या, गाईच्या आणि नळाला पाणी सोडणाऱ्याच्या हातात होता.

त्यांना पुण्यात रिहॅबला नेऊ असंही बोलणं झालं. पद्धत अशी असते की आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे, म्हणजे ३६ वेळा. दौंड-पुणे रेल्वेने ७५ किलोमीटरच्या आसपास, शिरूरहूनही थोडंफार तेवढंच. जाऊन-येऊन दीडशे, गुणिले ३६. ५,४०० किलोमीटर! कमजोर हृदय सुधारायला एसटीत उभं राहून एवढा प्रवास करायचा आणि बरोबर येणाऱ्या माणसाने ३६ दिवसांची मजुरी सोडायची. हे डिझाइनच चुकलेलं आहे.

म्हणून घरच्या घरी करायच्या रिहॅबवर आता भर देतात. ब्रिटनमध्ये 'रीच-एचएफ' नावाने २१६ पेशंटवर हे करून पाहिलं. एक पुस्तिका, खुर्चीत बसून करायचा नाहीतर चालण्याचा कार्यक्रम, घरच्यांसाठी वेगळी माहिती आणि अधूनमधून नर्स किंवा फिजिओची भेट. पेशंटचं रोजचं जगणं त्यातही सुधारलं. आपल्या देशात 'योगा-केअर' नावाने २४ हॉस्पिटलांत ३,९५९ पेशंटवर योगावर आधारलेलं रिहॅब करून पाहिलं, २०२० मध्ये ते छापून आलं. ते पेशंट हार्ट अटॅकचे होते, फेल्युअरचे नव्हेत. पुढचे झटके कमी झाले असं त्यात सिद्ध झालं नाही, पण लोक आपल्या आधीच्या कामांकडे जास्त चांगले परतले.

आणि खेड्यात असं काही होऊच शकत नाही असं म्हणणाऱ्यांना मी शिरूर तालुक्यातलंच वढू बुद्रुक दाखवेन. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याच्या कामाला लावलं. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वढूत केईएमचं काम आजही चालू आहे. गावातल्या बाईला बाळाचं वजन करून तक्ता भरायला शिकवता येतं, तर सहा मिनिटं, एक टेप आणि एक वजनकाटा शिकवायला काय हरकत आहे? आशाताई आज घरोघरी जातातच. त्यांच्यावर कामाचा बोजा आधीच फार आहे हेही खरं, तेव्हा त्याचे वेगळे पैसे द्यावेत, फुकट नको.

मामींचं कसं जमलं ते सांगते. त्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, कागद लिहून दिला. अडचण वेगळीच होती. गावात बाई बिनकामाची रस्त्याने चालत निघाली की दर दाराशी प्रश्न, "काय गं, कुठं निघाली?" आणि दुसऱ्या दिवशी, "काय घरात भांडण झालं का?" सकाळी बूट घालून फिरायला जाणं हे पुरुषांचं, तेही रिटायर्ड गुरुजींचं. दोन दिवसांत मामी घरात बसल्या. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. वस्तीपासून महादेवाचं देऊळ साधारण चारशे मीटर आहे. हातात तांब्या आणि दोन बेलाची पानं घेऊन बाई निघाली की कुणी काही विचारत नाही, उलट हात जोडतात! पहिल्या आठवड्यात त्या निम्म्या वाटेवरच्या चिंचेखाली बसून परत यायच्या. "महादेवाला मी सांगितलंय, हप्त्याहप्त्यानं येते म्हणून." आता देवळापर्यंत जाऊन प्रदक्षिणा घालून येतात. तांब्या अर्धाच भरायचा, हे माझं कलम. हंडा उचलायचं काम मामांकडे गेलं. ते कसं गेलं हे लिहिलं तर मामा मला परत घरात घेणार नाहीत.

मामी मिनिटं लिहितात ती कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. दूध दीड लिटर, चालणं १२. दूध दोन लिटर, पाहुणे, चालणं नाही. मी गेले की आधी ते कॅलेंडर काढून बघते. फेब्रुवारीत २० पर्यंत गेल्या होत्या, मार्चमध्ये २५. एप्रिलचं पान अर्धं रिकामं आहे आणि मेचं जवळपास सगळं. लग्नसराई आणि ऊन. जूनच्या पानावर परत आठपासून सुरुवात केली आहे, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात आजोबांचा आकडा लिहिलाय, फोनवर विचारून घेतलेला, १४ डबे.